बिट्टूचा दुपारचा आकडा

मामाजी, आज सकाळी बिट्टूचा आकडा बावीस आला. तो गाढ झोपेत होता, पाठ भिंतीला टेकवलेली, मागचा एक पाय हवेत. मी मोबाइलवर वेळ लावून मिनिटभर त्याचे श्वास मोजले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, आजच्या चौकोनात वरच्या भागात, लाल पेनाने बावीस लिहिलं. चौकोनाचा खालचा भाग तुमचा. तिथे तुम्ही रोज दुपारी निळ्या पेनाने लिहायचात. तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले आणि तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हापासून तो भाग कोरा आहे. दुपारी घरात कोणी नसतं म्हणून कोरा आहे, असं मी सुधीरला सांगते. पण परवा रविवारी मी घरीच होते, बिट्टू माझ्यासमोर झोपला होता, आणि तरी त्या निळ्या पेनाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

पेपरात तुमच्या फोटोखाली ज्या चार ओळी आल्या त्या तुमच्या मुलाने, सुधीरने लिहून दिल्या. कामठी, पॉवरलूम, मनमिळाऊ स्वभाव, शोकाकुल परिवार. सगळं खरं आहे. मनमिळाऊबद्दल मला थोडी शंका आहे, पण ते आपल्या सासरे-सुनेतलं. मला मात्र त्या चार ओळींत न मावलेलं बोलायचं आहे. तुमच्यापाशी एक गोष्ट सांगायची राहून गेली. राहून गेली म्हणणंही खोटंच. मी ती ठेवून दिली होती.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तुम्ही कामठीचं घर बंद करून आमच्याकडे नागपूरला राहायला आलात. पहिल्याच दिवशी सोफ्यावर पसरलेल्या बिट्टूकडे पाहून तुम्ही विचारलंत, हे कुत्रं घरातच राहते काय? मी म्हटलं, हो, आणि तो सोफा त्याचाच आहे. तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात. महिनाभर ती खुर्ची सोडली नाहीत. मग एक दिवस मी लॅबमधून आले तर तुम्ही सोफ्यावर आणि बिट्टू तुमच्या पायांवर. हा पांढरा झुबकेदार पामेरियन मी आणला, त्याला लसी मी टोचवून आणल्या, चटईवर केलेली घाण मी साफ केली, आणि साहेब झोपणार तुमच्या पायाशी. मला राग आला होता, मामाजी. आता हसू येतं, पण तेव्हा चांगलाच आला होता.

आपला एक वाद तर कधी मिटलाच नाही. मी ‘बस’ म्हटलं की बिट्टू उभा राहून माझ्याकडे बघत राही. तुम्ही ‘बसून राय बापा’ म्हटलं की लगेच बसे. तुमचं म्हणणं, त्याला तुमची बोली कळते, माझी लॅबमधली शुद्ध भाषा कळत नाही. माझं म्हणणं, तुमच्या सदऱ्याच्या खिशातलं बिस्किट त्याला कळतं. कामठीहून कोणीही आलं की हा वाद नव्याने व्हायचा आणि प्रत्येक वेळी पाहुणे तुमच्या बाजूने जायचे. खिशात बिस्किट होतंच, हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत.

तुम्हाला ऐकू कमी येत होतं. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कान राहतील कसे? सुधीरने महागाचं यंत्र आणून दिलं, ते तुम्ही आठ दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यात माणसांपेक्षा ताट-वाट्यांचाच आवाज जास्त येतो, ही तुमची तक्रार. मग आम्हीच ओरडून बोलायला लागलो. शेजाऱ्यांना आमच्या घरात रोज काय भाजी होते ते ठाऊक होतं ते त्यामुळेच.

दोन हिवाळ्यांमागे बिट्टू खोकायला लागला. घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा, ओढून काढलेला खोकला. जिना चढला की जीभ बाहेर. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि सांगितलं की हृदय थोडं मोठं झालंय, श्वासनळीही सैल आहे, हे पूर्ण बरं होणारं दुखणं नाही, सांभाळून न्यायचं. या वर्षी होळीच्या सुमारास खोकला वाढला तेव्हा त्यांनी मला एक काम दिलं. कुत्रा शांत झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजा. तीसच्या आत असेल तर निवांत राहा. सलग काही दिवस वर गेला तर मला फोन करा, छातीत पाणी साठायला लागलं तर ते आधी या आकड्यात दिसतं.

हे काम माझ्या आवडीचं. सीताबर्डीच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी पंधरा वर्षं दुसरं काय करते आहे? लोकांच्या रक्तातले आकडे काढते आणि चुकणार नाहीत याची काळजी घेते. घरी आल्या आल्या कॅलेंडरच्या चौकोनांमध्ये मी आडव्या रेघा मारल्या. सकाळचा आकडा मी घेणार, दुपारचा तुम्ही, कारण मी साडेसातला निघते, सुधीर त्याच्याआधीच सावनेरला खाणीच्या ऑफिसात जायला निघतो, आणि दुपारी घरात तुम्ही दोघेच. तुमच्या कानापाशी येऊन मी ओरडून सगळं समजावलं. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा मोजायचं नाही. बाहेरून आल्या आल्या मोजायचं नाही. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्ध्यात सोडायचं नाही. तुम्ही प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

तुम्ही मोजायचात कसे तेही मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. घड्याळ पुढ्यात ठेवून, बिट्टूच्या बरगड्यांवर तळहात अलगद टेकवून, डोळे मिटून. मी विचारलं, डोळे काहून मिटता? तुम्ही सांगितलंत की मागाच्या गोंगाटात कान कामाचे नव्हतेच, माग बिघडायला लागला की चौकटीवर हात ठेवून समजायचं. तुमचं वाक्य मला आठवतं. ‘माग आजारी पडते ना, त ते पयले हाताले समजते, मंग मालकाले.’ मी हसले आणि चहा टाकायला गेले. तिथेच दोन मिनिटं आणखी बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

होळीनंतर ऊन तापायला लागलं. माझा सकाळचा आकडा बावीस, तेवीस, चोवीस. तुमचा दुपारचा चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात वर लाल, खाली निळा, आणि खालचा जवळजवळ दुप्पट. मी कूलरमध्ये वाळा भरला, खिडक्यांना ओले पडदे लावले, तरी आकडा खाली येईना. मी डॉक्टरांना फोन केला आणि तुमचे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, हे बरं लक्षण नाही, छातीतलं पाणी लघवीवाटे काढणारी पाण्याची गोळी चालू आहे ती वाढवू. दहा दिवसांनी पुन्हा वाढवली.

त्या गोळ्यांनी बिट्टूची काय दशा झाली ते माझ्यापेक्षा तुम्ही जास्त पाहिलंत. दिवसभर पाणी पीत होता आणि दिवसभर घरभर लघवी करत होता. मागचे पाय लटपटायला लागले. पोळीचा तुकडा हुंगून तोंड फिरवायचा. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा फरशी कोरडी असायची, कारण तुम्ही कमरेवर हात ठेवून दिवसातून आठ-दहा वेळा पुसलेली असायची. त्याबद्दल तुम्ही कधी तक्रार केली नाहीत आणि मी कधी आभार मानले नाहीत. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या वेळी कुत्रा ठीक असतो आणि तुमच्या वेळी बिघडतो.

मे महिन्यात एक दिवस लॅबमध्ये वीज गेली आणि मी लवकर निघाले. साडेचार वाजले असतील. आपल्या वसाहतीच्या, लेआउटच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर, तुम्ही तुमच्या त्या रिटायर मंडळींबरोबर बसला होता आणि बिट्टू तुमच्या मांडीवर जीभ काढून धापा टाकत होता. मला वाटलं, सापडलं कारण. दुपारच्या आकड्याचं कोडं मला त्या बाकावर सुटलेलं दिसलं. मी गाडी तिथेच लावली आणि हेल्मेटही न काढता तुमच्यासमोर उभी राहिले.

‘मामाजी, मारून टाकता काय त्याले?’

राग आला की माझीही शुद्ध भाषा जाते. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही हसून कानाला हात लावलात आणि पुढे वाकलात. मी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. तरी तुम्हाला पुरतं कळलं नाही, तेव्हा तिसऱ्यांदा ओरडले. समोरच्या बंगल्याच्या गॅलरीत कोणीतरी येऊन उभं राहिलं. तिसऱ्या वेळी तुम्हाला कळलं. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, मामाजी, ते मी पाहिलं आहे. तुम्ही बिट्टूला उचलून घेतलंत आणि माझ्या गाडीच्या पुढे पुढे घरी चालत आलात. संध्याकाळी मी सुधीरला सांगितलं की उद्यापासून बिट्टू बाहेर जाणार नाही. त्याने तुम्हाला सांगितलं. कामठीला माया वन्संनाही फोनवर कळलं. बाबा कुत्र्याला उन्हात फिरवत होते, म्हणून ते आजारी पडलं, ही गोष्ट घरात पक्की झाली. त्यानंतरही दुपारचा आकडा उतरला नाही, तेव्हा मी म्हटलं, उन्हाने व्हायचं ते नुकसान होऊन गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्हीही बाकावर जाणं सोडलंत. मला वाटलं, रुसलात. आठवडाभराने मी म्हटलं, तुम्ही तर जा, तुम्हाला कोणी अडवलंय? त्यावर तुम्ही म्हणालात, बिट्टू नसला त मी तिथं काय करू? तेव्हा मला ते नुसतं हट्टाचं बोलणं वाटलं. नंतर समजलं. तिथे काय गप्पा चालतात यातलं निम्मंही तुम्हाला ऐकू येत नव्हतं. पण बिट्टू मांडीवर असला की कोणी त्याच्या कानामागे खाजवी, कोणी शेवेचे दोन दाणे पुढे करी, आणि तुम्ही काही उत्तर दिलं नाही तरी चालून जाई. कुत्र्यामुळे तुम्ही त्या बाकावर बसू शकत होता. मी कुत्रा काढून घेतला, आणि त्याच्याबरोबर तुमची संध्याकाळही.

आता तो रविवार. पोळ्याच्या आधीचा. एरवी रविवारी दुपारी मी स्वतःच घोरत पडते, पण त्या दिवशी झोप लागली नाही. बाहेरच्या खोलीत आले तर बिट्टू थंड फरशीवर झोपलेला आणि तुम्ही शेजारी मांडी घालून, बरगड्यांवर हात, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. माझ्या हातात मोबाइल होता. सहज म्हणून मीही मोजायला लागले. मिनिट संपलं, माझे तेवीस झाले. तुम्ही डोळे उघडून निळं पेन उचललंत आणि सेहेचाळीस लिहिलंत.

एकच कुत्रा, एकच मिनिट. मी तुमच्यासमोर बसले आणि विचारलं, कसं मोजता तुम्ही? तुम्ही अगदी आनंदाने दाखवलंत, कारण इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच तुम्हाला काही विचारलं होतं. मागावरचा धोटा आडवा धागा घेऊन धावतो तसा हात हवेत डावीकडून उजवीकडे नेलात, मग परत आणलात.

‘धोटा गेला, एक. धोटा आला, दोन. जाताना एक धागा पडते, येताना दुसरा पडते. दोन्ही कापडातच जाते ना?’

श्वास आत गेला, एक. बाहेर आला, दोन. मागावर तीस वर्षं ज्यांनी धोट्याची फेरी मोजली त्यांच्यासाठी हेच बरोबर होतं. चूक तुमची नव्हतीच. लॅबमध्ये नवीन मुलगी आली की मी तिला पहिलं काय शिकवते? मोजण्याआधी, एक म्हणजे काय ते ठरवून घे. तुम्हाला मी स्वप्नाचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, अर्ध्या मिनिटाचं सांगितलं. एक श्वास म्हणजे काय, ते सांगितलं नाही. तुमचा आकडा दुप्पट होता म्हणून गोळ्या वाढल्या, गोळ्यांनी बिट्टू खंगला, आणि खंगलेल्या बिट्टूचा आळ मी भर रस्त्यात तुमच्यावर घातला. हे सगळं मला त्या फरशीवर बसल्या बसल्या एका क्षणात कळलं.

माझा चेहरा उतरलेला तुम्हाला दिसला असणार. तुम्ही विचारलंत, ‘काही चुकलं काय वं, वर्षा?’

मी मान हलवली. नाही म्हणून.

तुमच्याशी खोटं बोलायला मला तोंडही उघडावं लागलं नाही. मग तुम्ही निश्चिंत होऊन आणखी एक गोष्ट सांगितलीत. बिट्टूचा श्वास जाताना पटकन जातो, पण येताना अडकतो, ढकलावा लागतो, पोट आत ओढून बाहेर काढतो तो. हाताला साफ कळतं म्हणालात. दोन्ही वेगवेगळे मोजत होता म्हणूनच तुम्हाला ते कळलं होतं. मी एवढ्या काटेकोरपणे मोजूनही मला कळलं नव्हतं, कारण मी फक्त छाती वर आली की एक म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. घरी मोजण्यात गडबड झाली होती, आकडे निम्मे धरा, असं सांगितलं. कोणाची गडबड ते सांगितलं नाही. श्वास सोडताना त्रास होतो हेही सांगितलं. त्यांनी बिट्टूला टेबलावर निजवून बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. पाण्याची गोळी एकदम कमी केली, श्वासनळीसाठी दुसरं औषध दिलं, गळ्यातला पट्टा काढून छातीचा घालायला सांगितला, वजन उतरवायला सांगितलं. आणि विचारलं, हे सोडतानाचं कोणी हेरलं? चांगलं निरीक्षण आहे. मी म्हटलं, घरीच लक्षात आलं. मामाजी, ‘माझ्या सासऱ्यांनी’ एवढे दोन शब्द म्हणायला मला काय झालं होतं? आजही मला त्याची लाज वाटते.

बिट्टू सुधारला. तीन आठवड्यांत पोळी मागायला लागला, पाय धरायला लागले. तो आज माझ्यासमोर झोपला आहे तो तुमच्या हातामुळे. तुम्ही रोज सेहेचाळीस, चव्वेचाळीस लिहीत राहिलात आणि मी मनातल्या मनात निम्मे करत राहिले. एकदा तुम्ही कॅलेंडरसमोर उभे राहून विचारलंत, उन्हाळ्यात एवढ्याच आकड्यावर तू घाबरत होती, आता सेहेचाळीस चालते काय? मी म्हटलं, औषध बदललं ना, आता चालतं. तुम्ही हो म्हणालात आणि पेन जागेवर ठेवलंत. हे माझं दुसरं खोटं.

ऑक्टोबरात मी तुम्हाला म्हटलं की आता ऊन नाही, बिट्टूला बाकावर न्यायला हरकत नाही. मला वाटलं, एवढ्यावर सगळं सावरून जाईल, कबूल काही करावं लागणार नाही. मी छातीचा नवा पट्टा तुमच्या हातात दिला. तुम्ही तो बराच वेळ हातात धरून ठेवलात आणि परत दिलात.

‘नको. पुन्हा काही झालं त?’

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्यासमोर उभे होता, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि माझ्या एका वाक्याने तुमचं ते भय गेलं असतं. मी पट्टा खुंटीला अडकवला आणि म्हटलं, तुमची मर्जी.

काहून नाही सांगितलं? हे मी वीस दिवस स्वतःला विचारते आहे. तुम्ही चिडला असता म्हणून नाही. तुम्ही चिडणारे नव्हता, फार तर हसून म्हटलं असतंत, हात्तिच्या. खरं कारण लहान आहे. कामठीहून कोणी आलं की तुम्ही त्यांना त्या कॅलेंडरपुढे उभं करायचात आणि सांगायचात, माही सून लॅबमधी आहे, तिचा आकडा कधी चुकत नाही. माझ्या स्वतःच्या वडिलांनी माझं असं कौतुक कधी केलं नाही. मला ते कौतुक सोडवत नव्हतं. दिवाळीला सांगू असं ठरवलं, आणि दिवाळीच्या फराळाला माया वन्सं आल्या, तुम्ही पुन्हा तेच वाक्य म्हणालात, आणि मी अनारशांचं ताट घेऊन आत निघून गेले.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात तीन दिवस. आयसीयूत एकालाच सोडत होते, सुधीर तुमच्यापाशी आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. मी तिथे बसून ठरवलं होतं की तुम्हाला खोलीत हलवलं की पहिलं हेच सांगायचं. तुम्हाला खोलीत हलवलंच नाही.

तेरवीचं जेवण उरकल्यावर आम्ही घरचे तेवढे बसलो होतो. रडून झालं होतं, आता लोक तुमच्या गमती सांगत होते. माया वन्सं हसत म्हणाल्या, बाबाचं प्रेमही असं, कुत्र्याले लाडालाडात उन्हात नेऊन आजारी पाडलं. सगळे हसले. सुधीर हसला नाही. तो खाली बघत म्हणाला, ‘शेवटच्या दिवशीही तेच होतं त्यांच्या डोक्यात. मले विचारलं, बिट्टू माह्या उन्हात नेण्यानंच बिघडला होता काय रे.’

मी विचारलं, तू काय सांगितलं?

‘मी म्हटलं, हो बाबा, पण आता बरा आहे ना तो. आता काहून टेन्शन घेता?’

सुधीरचा दोष नाही. त्याला ठाऊक होतं तेच त्याने सांगितलं, आणि त्याला ठाऊक होतं ते मी सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

मी तिथेच, उष्टी पत्रावळ हातात धरून, सगळ्यांसमोर सांगितलं. धोट्याचं, सेहेचाळीसचं, गोळ्यांचं, मान हलवण्याचं. बोलताना आवाज इतका चढला की माया वन्संनी माझा हात धरला. तुमच्याशी बोलायच्या सवयीने मी ओरडत होते. सुधीर उठला, बाहेर गेला, आणि बराच वेळ आत आला नाही. आल्यावर त्याने एवढंच विचारलं की हे तुला कधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, पोळ्याच्या आधीपासून. तो मनात महिने मोजत राहिला. त्याच्याशी माझं आता हळूहळू ठीक होईल. तो जिवंत आहे, मी जिवंत आहे, आम्हाला वेळ आहे.

तुमच्यापाशी तेवढा वेळ नव्हता. ज्या माणसाने बिट्टूचं दुखणं तळहाताने शोधून काढलं, तो माणूस त्या दुखण्याचं कारण आपणच, असं समजून गेला. तुम्ही प्रश्न विचारला तेव्हा मी काचेच्या दारापलीकडे बसले होते, उत्तर माझ्यापाशी होतं, आणि आत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्हाला ऐकू जाईल का याचा विचार न करता आता सांगते.

नाही, मामाजी. उन्हानं नाही बिघडला तो. तुमच्यानं त नाहीच.